तुंगामावशी बिदरला गेली

मंगळवारी तुंगामावशी बिदरला गेली आणि परत आलीच नाही.

तशी ती कुठे जाण्यातली बाई नव्हती. ‘तिसऱ्या गल्लीतलं घर’ या मालिकेत ती थोरल्या सुनेची मावशी. घराच्या मागच्या खोल्यांत खानावळ चालवायची, गिऱ्हाइकाला वाढता वाढता शिव्या घालायची आणि ज्याच्यावर जास्त ओरडली त्याच्या ताटात जास्त भाजी वाढायची. चार वर्षांत एकदाही तिने गाव सोडलं नव्हतं. आणि आता थोरली सून म्हणाली, “मावशी भाच्याकडे बिदरला गेलीय, चार दिवसांत येईल.” चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला.

मिरजेत, किल्ला भागातल्या दोन खोल्यांच्या घरात त्रिशला मगदूम रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर बसून तिची वाट बघत होत्या. वय अडुसष्ट. तीस वर्षं त्यांनी शिवणाचा क्लास चालवला होता; मिरजेतल्या निम्म्या बायका ब्लाऊजचं कटिंग त्यांच्याकडून शिकलेल्या. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा सन्मती पुण्यात. जैन रिवाजाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवण, मग मंदिरात आरती, मग मालिका, असा त्यांचा दिवस संपायचा. त्यात तुंगामावशी एवढीच खरी मोठ्याने बोलणारी व्यक्ती होती.

“अरे, ती गेली कुठे?” त्यांनी फोनवर सन्मतीला विचारलं.

“कोण?”

“तुंगामावशी. दीड महिना झाला.”

सन्मती हसला. “आई, मालिका आहे ती. नटीने जास्त पैसे मागितले असतील, काढलं असेल.”

“काढायचं तर मारून टाकतात. असं बिदरला पाठवून विसरत नाहीत.”

“बरं, गोळ्या घेतल्यास ना?”

गोळ्यांचा विषय निघाला की बोलणं संपायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दगदग नको, ताण नको. त्या वेळी सन्मतीनेच हा नवा टीव्ही आणून भिंतीवर लावला, आपल्या फोनवर काय काय बटणं दाबली आणि म्हणाला, “आता हा तुझी काळजी घेईल.” टीव्ही कशी काळजी घेणार, असं त्रिशलाबाईंच्या मनात आलं होतं, पण पोराने हौसेने आणलाय म्हणून त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी वाहिनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. एक गोड आवाज म्हणाला, “नमस्कार. आपल्या कथेत तुंगामावशी बिदरला सुखरूप आहेत. आपण निश्चिंत राहा.”

“ते मला माहीत आहे. येणार कधी?”

“आपल्या कथेत तुंगामावशी बिदरला सुखरूप आहेत.”

तो माणसाचा आवाज नव्हता हे त्यांना कळलं. त्यांनी फोन ठेवला, पण ‘आपल्या कथेत’ हे शब्द डोक्यात राहिले. आपल्या म्हणजे कुणाच्या?

त्यानंतर त्या मालिका वेगळ्या नजरेने बघू लागल्या. शिवणकामाच्या नजरेने म्हटलं तरी चालेल. आणि त्यांना जोड दिसायला लागले. पंगतीत माणसं चार आणि ताटं पाच. सगळे एका रिकाम्या पाटाकडे बघून हसतात. एकदा धाकटी सून, जी चार वर्षांत कुणाला ‘अरे’सुद्धा म्हणाली नव्हती, ती एकदम म्हणाली, “गिळा आता, का भरवू?” आवाज तिचा, ओठ तिचे, पण वाक्य तुंगामावशीचं. दुसरीच्या मापाचा ब्लाऊज हिच्या अंगात कोंबल्यासारखं दिसत होतं. चांगल्या शिंप्याने केलेलं काम होतं, पण उसवून केलेलं होतं.

त्या चिडल्या. शिव्या द्याव्यात तर ऐकायला कुणी नव्हतं. पूर्वी असं काही झालं तर क्लासमधल्या बायका दुसऱ्या दिवशी मशिनवर बसल्या बसल्या तासभर चर्चा करायच्या. पण अलीकडे गावात मालिकेवर कुणी बोलतच नव्हतं. बोलायला गेलं की भांडण व्हायचं. एक म्हणायची, जावई सुधारला. दुसरी म्हणायची, कुठे सुधारला, तुरुंगात गेला. “तू नीट बघितलं नाहीस,” एवढ्यावर विषय तुटायचा. हळूहळू बायकांनी तो विषयच सोडून दिला होता.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. त्रिशलाबाई दुपारी गॅलरीत मेथी निवडत होत्या. शेजारच्या नसीम शिकलगार आपल्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. नसीमभाभींच्या घरात तीन पिढ्या सतारीच्या तारा जुळवण्याचं काम चालायचं. आता एकटे त्यांचे यजमानच ते करत.

“वैनी, आज काय मला जेवण गेलं नाही बघा,” भाभी म्हणाल्या.

“का हो? बरं नाही का?”

“उद्या तुंगामावशीचं ऑपरेशन नव्हं का? अडीच महिने झाले, नुसत्या तारखाच पडाल्यात. उद्या नक्की म्हणत्यात.”

त्रिशलाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. “कुणाचं ऑपरेशन?”

“तुंगामावशीचं. तुम्ही बघत न्हाई काय?”

“ती बिदरला गेलीय.”

“कुठली बिदरला! इथंच हाय. कालच डॉक्टरला शिव्या घातल्या तिनं.”

एरवी इथे भांडण झालं असतं. पण त्रिशलाबाई म्हणाल्या, “भाभी, आज साडेसातला मी तुमच्याकडे येते.”

शिकलगारांच्या टीव्हीच्या वरच्या कडेला, जिथे कॅमेऱ्याचा बारीक डोळा असतो तिथे, जखमेला लावायची चिकटपट्टी लावलेली होती. “हे म्हणाले, घरात बायका वावरत्यात, ते कशाला आपल्याला बघतंय,” भाभींनी सांगितलं. “दुकानवाला म्हणाला, झाकलं तर जुनी साधीच मालिका दिसेल. म्हटलं, दिसू दे.”

ती चिकटपट्टी एवढाच दोन घरांतला फरक होता.

तो काय फरक होता ते सांगितलं पाहिजे. माणसाच्या हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते. त्या क्षणी चेहरा हिरवा प्रकाश किंचित जास्त शोषतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. अंगाला काही न लावता, दहा फुटांवरून तो नाडी मोजू शकतो. श्वास मोजू शकतो, डोळ्यातली बाहुली किती मोठी झाली ते बघू शकतो. ही विद्या आधी दवाखान्यांत आली, नवजात बाळांसाठी. मग ती टीव्हीत आली.

त्याच सुमाराला मालिका करायची पद्धतही बदलली होती. लेखकाने एकदा लिहायचं, नटांनी एकदा काम करायचं. ती झाली मूळ प्रत. नंतर यंत्र ती प्रत प्रत्येक घरासाठी वेगळी करायचं. कोणत्या प्रसंगाला या घरात नाडी कशी चालते, माणूस कुठे उठून जातो, हे बघून काही प्रसंग लांबवायचं, काही कापायचं, एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालायचं, त्याप्रमाणे ओठही हलवायचं. बहुतेक घरांत यंत्राचं काम माणसाला खिळवून ठेवण्याचं असे. पण हृदयरोग्यांसाठी ‘निवांत’ नावाची एक सोय होती. तिच्यात यंत्राचं काम उलटं: ज्याने ठोके वाढतात ते काढून टाकायचं. हे सगळं कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. वाचणाऱ्याने वाचलं असतं.

साडेसात वाजले. मालिकेचं गाणं झालं आणि पडद्यावर तुंगामावशी आली. दवाखान्याच्या खाटेवर, हिरव्या झग्यात, केस मोकळे. चार वर्षांत तिचे केस मोकळे कुणी बघितले नव्हते. नर्स तिला म्हणाली, “आजी, घाबरू नका.” मावशी म्हणाली, “आजी कुणाला म्हणतीस गं? आणि घाबरू नको तर काय करू? माझ्या छातीत गाठ आहे, तुझ्या नव्हे.”

भाभींनी डोळे पुसले.

आता त्रिशलाबाईंना आठवलं. त्या सोमवारी, मावशी बिदरला जायच्या आदल्या दिवशी, एक प्रसंग होता. मावशी न्हाणीघरातून बोलता बोलता एकदम गप्प होते. पडद्यावर नुसती तिची सावली, आणि छातीपाशी थांबलेला हात. तो प्रसंग त्यांच्या घरातही दाखवला गेला होता. तो बघताना त्यांना घाम फुटला होता. दुसऱ्या दिवशी मावशी बिदरला गेली होती, आणि मग तो प्रसंग त्यांनी मनातून काढून टाकला होता. कारण त्यांच्या डाव्या स्तनातही गाठ होती. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाच्या आधी आंघोळ करताना हाताला लागली होती, आवळ्याएवढी. त्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. सन्मतीला सांगितलं तर तो सगळं सोडून धावत येईल. परत दवाखाना, परत ते पांढरे दिवे. बघू नंतर.

“वैनी, पाणी देऊ?” भाभींनी विचारलं.

“नको.” त्या उठल्या. “उद्या येते परत.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मदत क्रमांकावर परत फोन केला आणि माणूस लाइनवर येईपर्यंत फोन सोडला नाही. चाळीस मिनिटांनी एक मुलगी बोलायला आली. नाव ऋजुता.

“काकू, तुमच्या घराला ‘निवांत’ लावलेलं आहे. पालक खातं सन्मती मगदूम यांच्या नावावर आहे.”

“पालक? मी त्याची आई आहे.”

ऋजुता ओशाळली. “शब्द तोच आहे आमच्याकडे. म्हणजे, ज्यांनी परवानगी दिली ते. काही बदलायचं तर त्यांचाच अंगठा लागतो.”

“आणि मावशीला का काढलं?”

टाइप केल्याचा आवाज आला. “त्या सोमवारी सात अठ्ठेचाळीसला तुमचे ठोके ब्याऐंशीवरून एकशे अठरावर गेले. त्या आधी दोन वर्षांत कधी गेले नव्हते. पात्र – तुंगामावशी. म्हणून यंत्राने तो धागा तुमच्यापुरता बंद केला.”

“का वाढले ते नाही विचारलं?”

“यंत्राला कारण कळत नाही, काकू. त्याला फक्त ठोके कळतात.” तिनेच मग विचारलं, “तुम्हाला काही त्रास आहे का?”

“नाही,” त्रिशलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सगळं कळल्यानंतरसुद्धा चार दिवस त्या काहीही न करता बसल्या, हे सांगायला हवं. त्या रोज भाभींकडे जाऊन मालिका बघायच्या आणि घरी येऊन निजायच्या. मावशीचं ऑपरेशन झालं. मावशी शुद्धीवर आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, खानावळीत आज कुणी वाढलं? भाभी हसल्या. त्रिशलाबाईंना हसू आलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सन्मतीला फोन केला. “ये. टीव्हीचं काहीतरी बदलायचंय, तुझा अंगठा लागतो म्हणे.”

शनिवारी सकाळच्या बसने तो आला. पोहे खाता खाताच वाद सुरू झाला.

“आई, एका पात्रासाठी तू ‘निवांत’ काढायला सांगतेस?”

“हो.”

“तुला माहितीये, मला दर रविवारी त्याचा अहवाल येतो. गेले तीन महिने तुझा ताण अडतीस टक्के कमी आहे. मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. डॉक्टरांनाही पाठवला. ते म्हणाले, उत्तम.” त्याने फोन पुढे केला. हिरवी रेघ, तिच्याखाली ‘अभिनंदन’ असा शब्द. “यंत्राने काहीतरी बघूनच केलं असेल ना?”

“बघितलं ना. सगळं बघितलं. कशाने भ्यायले ते मला विचारलं नाही, आणि तूही नाही.”

“तू कशाला भ्यायलीस?”

त्रिशलाबाईंनी बशी खाली ठेवली. इतके दिवस त्यांनी मनात बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“माझ्या छातीत गाठ आहे, सन्मती.”

त्याच्या हातातला फोन उजळला आणि विझला. तो त्याने बशीशेजारी उलटा ठेवला. मग म्हणाला, “कधीपासून?”

“भाद्रपदाच्या आधीपासून.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“नाही सांगितलं.”

“रोज फोन करत होतो मी!”

“रोज करत होतास. गोळ्या विचारत होतास.” त्या रागाने बोलल्या नाहीत, पण ते त्याला लागलं. तो उठून गॅलरीत गेला. खालून भाजीवाला ओरडत जात होता. पाचेक मिनिटांनी तो आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने चप्पल घातली आणि म्हणाला, “चल. दवाखाने उघडलेत.”

मिरजेत दवाखान्याला दूर जावं लागत नाही. डॉ. हेरवाडकर म्हणून बाई होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासलं, फोटो काढले, सुईने तुकडा घेतला. सहा दिवसांनी अहवाल आला. गाठ कॅन्सरचीच होती. दुसरा टप्पा; काखेत दोन ठिकाणी पोचली होती.

“तीन महिने आधी आलं असतं तर?” सन्मतीने विचारलं.

डॉक्टरांनी त्रिशलाबाईंकडे बघितलं. “खरं सांगू?”

“सांगा,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

“तर कदाचित काखेत पोचली नसती. कदाचित. पण उशीर झालेला नाही. हृदयाचं बघून औषधं द्यावी लागतील, सावकाश जाऊ. जाऊ मात्र नक्की.”

बाहेर आल्यावर सन्मती म्हणाला, “मी त्या लोकांवर केस करणार आहे. तीन महिने घेतले त्यांनी तुझे.”

त्या जिन्यावर थांबल्या. एका हाताने कठडा धरला होता. “मावशीला त्यांनी काढलं. गाठ मी लपवली. आणि अहवाल तू वाचलास. कुणाकुणावर करशील?”

त्याने केस केली नाही. त्रिशलाबाईंनी मात्र ऋजुताच्या नावाने वाहिनीला पत्र लिहिलं, हाताने, दोन पानांचं. तुम्ही आमचं दुःख काढून टाकता ते भल्यासाठी असेल, पण काय काढलं ते सांगत जा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. उत्तर यायला दीड महिना लागला. विचार चालू आहे, असं लिहिलं होतं. खाली ऋजुताने स्वतः पेनने लिहिलं होतं, “काकू, तब्येत कशी आहे?”

ऑपरेशन मार्गशीर्षात झालं. मग केमोथेरपी, दर तीन आठवड्यांनी. सन्मतीने पुण्याचं काम घरून करायची परवानगी काढली आणि मिरजेत येऊन राहिला. त्याला कुकर लावता येत नव्हता. महिन्याभरात लावता यायला लागला. नसीमभाभी भाकरी पाठवायच्या, आणि त्या मावळतीच्या आत पोचतील हे बघायच्या. त्रिशलाबाईंचे केस गेले. त्यांनी सुती कापडाच्या टोप्या शिवल्या, आधी स्वतःसाठी, मग वॉर्डातल्या आणखी चौघींसाठी. टीव्हीवरचं ‘निवांत’ काढून टाकलं होतं आणि त्याच्या डोळ्यावर भाभींसारखीच चिकटपट्टी लावली होती. आता त्यांच्याही घरात मूळ प्रत दिसत होती, आणि तुंगामावशी त्यांच्याबरोबरच औषधं घेत होती. तिचे केस गेले तेव्हा तिने आरसा उलटा करून ठेवला. “मी नाही ठेवला,” त्रिशलाबाई सन्मतीला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात किंचित गर्व होता.

पण मावशीचं बरं होईना. फाल्गुनात तिची गाठ यकृतात गेली. सन्मती अस्वस्थ झाला. संध्याकाळी साडेसात वाजले की तो काहीतरी निमित्त काढू लागला: फिरून येऊ, हा चित्रपट बघू, आज लवकर झोप. त्रिशलाबाईंना कारण समजत होतं. त्या म्हणायच्या, “बस इथे.”

चैत्रातल्या एका गुरुवारी तुंगामावशी गेली. आरडाओरडा नव्हता. खानावळीत पंगत बसलेली, आतल्या खोलीत मावशी निजलेली, आणि धाकटी सून आमटीची चव दाखवायला वाटी घेऊन आत जाते. तिने वाटी खाली ठेवली आणि दारातच बसली.

सन्मतीचा हात रिमोटकडे गेला. त्रिशलाबाईंनी त्याचं मनगट धरलं. हिरव्या शिरा दिसणारा त्यांचा हात आता फार बारीक झाला होता, पण पकड पक्की होती. प्रसंग संपेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

त्या आठवड्यात मावशीवरून राज्यभर गोंधळ झाला. लोकांनी वाहिनीच्या कचेरीसमोर ताटं-वाट्या वाजवल्या. नसीमभाभींनी दोन दिवस टीव्ही लावला नाही. शेवटी वाहिनीने जाहीर केलं की ज्याला हवी त्याला मावशी परत मिळेल. मूळ प्रतीत नाही, पण त्याच्या घरच्या प्रतीत. सोमवारी मालिकेच्या आधी पडद्यावर अक्षरं आली: आपल्या कथेत तुंगामावशी जिवंत असाव्यात का? खाली दोन चौकटी. हो. नको.

“काय करूया?” सन्मतीने विचारलं. त्याने रिमोट आईच्या हातात दिला होता.

त्रिशलाबाईंनी ती अक्षरं परत एकदा वाचली. अडीच महिने त्यांनी हिच्यासाठी फोन केले होते, चिडल्या होत्या, शेजारच्या घरात जाऊन बसल्या होत्या. आता एक बटण दाबलं की ती उठून बसली असती आणि कुणाला तरी म्हणाली असती, गिळा आता.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या शुक्रवारी?” त्यांनी विचारलं.

“आणखी दोन केमो. मग स्कॅन.”

“स्कॅनमध्ये काय निघेल?”

“ते आत्ता कसं सांगणार, आई?”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ‘नको’ दाबलं.

मालिका सुरू झाली. खानावळीच्या भिंतीवर मावशीचा फोटो लावत होते. धाकटी सून स्टुलावर चढलेली, खिळा नीट बसत नव्हता. त्रिशलाबाई पुढे झुकून बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की शेजारून आवाज येतो आहे. सन्मती रडत होता. तोंड हातांत घेऊन, लहानपणी रडायचा तसा, खांदे हलवत. दिवाळीनंतरच्या त्या शनिवारपासून तो असा रडला नव्हता. आईसमोर तर नाहीच. त्रिशलाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘उगी’ म्हणावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला रडू दिलं.